महिपतरावांचे तीन ट्यूबा

१

सकाळी चहाच्या आधी महिपतराव बाजे उठवायचे. ‘उठवणं’ हा बँडवाल्यांचा शब्द. ट्यूबा अंगानं अवाढव्य, सगळा पितळेचा, आणि गार ट्यूबा काही केल्या सुरात बोलत नाही. म्हणून वाजवण्याआधी त्यात नुसता श्वास सोडत राहायचं, आवाज न काढता, नळ्या आतून कोमट होईपर्यंत. नोकरी सुटली, वाजवणंही सुटलं, पण हे उठवणं काही महिपतरावांना सुटलं नव्हतं. सुलोचनाबाई चहाचा पेला घेऊन दारात यायच्या आणि म्हणायच्या, “झाली का माझ्या सवतींची सेवा? मग आमच्याकडेही बघा जरा.”

महिपतरावांच्या मांडीवर उभ्या आयुष्यात तीन ट्यूबा बसले. थोरला लग्नात मिळाला. सासरे कान्होजी ग्वाल्हेर संस्थानच्या बँडमध्ये ट्यूबाच वाजवायचे. त्यांनी जावयाला ना घड्याळ दिलं ना अंगठी. मुलगी दिली आणि स्वतःचा बाजा दिला. मधला त्याच बँडचा, नोकरीत मिळालेला, चांदीचा मुलामा दिलेला, इतका लख्ख की त्यात बघून फेटा बांधावा. संस्थान विलीन झालं, फौजा हिंदी सैन्यात गेल्या, बँड मोडला आणि मधला सरकारजमा झाला. धाकटा त्यानंतरचा. गप्प बसायची सवय नसल्यामुळे महिपतराव लग्नाच्या बँडमध्ये शिरले, तेव्हा त्यांनी तो मेरठहून स्वतः आणला. दिसायला अगदीच ओबडधोबड, दोन ठिकाणी डाग दिलेला. पण गेल्या उन्हाळ्यापर्यंत महिपतरावांनी वाजवला तो धाकटाच. थोरला त्याच्या शेजारी कर्णा खाली करून नुसता बसून असायचा.

छप्पन साल लागलं आणि मध्य भारतही मोडायचं ठरलं. नवा प्रांत, नवी राजधानी, तीही भोपाळला. चिरंजीव विश्वासराव सचिवालयात कारकून. त्यांच्या बदलीचा हुकूम आला. घर आवरायला काढलं. विश्वासराव बापासमोर फार बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले.

“आबा, क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. बाजा एकच येईल.”

“आणि दुसरा?”

“द्या कुणाला तरी. वाजेल तरी बिचारा.”

महिपतरावांना हे पटलं, हीच पंचाईत झाली. पटलं नसतं तर भांडता आलं असतं. सासऱ्यांचा बाजा द्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणजे जायचा तो धाकटा.

२

धाकट्याला न्यायला मल्हारराव टांगा घेऊन आले. बँडमध्ये दोघे एका रांगेत उभे राहिलेले. मल्हारराव झांजा वाजवायचे. आता इंदरगंजात त्यांचं स्वतःचं दुकान होतं, लग्नाचा बँड होता, अंगावर पूर्वीपेक्षा जास्त बटणांचा कोट होता.

बाजा टांग्यात ठेवायच्या आधी मल्हाररावांनी ओंजळ पुढे केली. “हां, करा खाली.”

ट्यूबात फुंकलेल्या श्वासाचं आत पाणी होतं. ते काढायला नळीच्या पोटाला एक छोटी कळ असते. कळ दाबली, बाजा वाकडा केला की पाणी निघतं. कुठल्याही वादकाचं हे रोजचंच काम. पण बाजा दुसऱ्याच्या हाती जाताना देणाऱ्यानं शेवटचा श्वास फुंकून ते पाणी घेणाऱ्याच्या ओंजळीत सोडायचं, असा त्यांच्या बँडमध्ये रिवाज होता. कुणी सांगितला, का सांगितला, हे विचारायची पद्धत नव्हती.

बँड मोडला त्या दिवशी हे असंच झालं होतं. परेडच्या मैदानावर सगळे एका रांगेत उभे होते. ओंजळ धरायला समोर कुणीच नव्हतं, फक्त एक साहेब आणि त्याचा मदतनीस. मग बँडमास्तरांनी हळूच मान हलवली आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या बाज्याचं पाणी मातीत सोडलं. स्वतःच्याच नावाची तीळ-पाण्याची ओंजळ सोडावी तसं महिपतरावांना वाटलं होतं. घरी येऊन ते जेवले नव्हते. पुन्हा आयुष्यात हे करायचं नाही, अशी त्यांनी त्या रात्री शपथ घातली होती, स्वतःलाच.

“कोरडा आहे तो,” महिपतराव म्हणाले. “सकाळीच काढलं पाणी.”

“अहो, रिवाज म्हणून फुंका की एकदा. दोन थेंब तर निघतील.”

“कोरडा आहे म्हटलं ना!”

मल्हाररावांनी रिकामी ओंजळ कोटाला पुसली आणि बाजा उचलून टांग्यात ठेवला. महिपतरावांनी टांगा वळेपर्यंत पाहिलं. दिलाही आणि दिलाही नाही, याचं त्यांना थोडं समाधानच वाटत होतं.

३

तुळशीची लग्नं झाली आणि गावात बँडांची धांदल सुरू झाली. महिपतराव दुपारी फूलबागेत जाऊन बसायचे. उन्हात एक बाक त्यांचा ठरलेला होता. तिथे आणखी दोघे-तिघे पेन्शनर यायचे आणि राजधानी गेल्यावर ग्वाल्हेरचं काय होणार, याची काळजी करायचे. काळजी मनापासून असायची आणि चार वाजता संपायची.

त्या दुपारी महिपतराव काहीतरी सांगत होते. मधल्या एका शब्दाला त्यांचा श्वास गेला.

खोकला नाही, ठसका नाही. छातीतली हवा निघून गेली, इतकंच. बाहेर जात असलेली ती त्यांना ओठांवर जाणवली, पण ती त्यांनी सोडलेली नव्हती. ती संपली तशी थोडी आत आली आणि पुन्हा निघून गेली. समोरच्याचं तोंड हलताना दिसत होतं. बाकाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली की नखाखाली रंगाचे पोपडे आले. मग जसं सुरू झालं तसं थांबलं.

“क्या हुआ, साहब?” शेजारचे म्हातारबुवा विचारत होते.

“काही नाही. हवा लागली.”

डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, आणि जरा नवलानं म्हणाले, “फेफडे तो एकदम बढ़िया हैं आपके.” हे ऐकून सुलोचनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. महिपतरावांनीही ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच सुमाराला, भांडी बांधायला गोणपाट फाडताना पुन्हा तसंच झालं. या वेळी जास्त वेळ चाललं.

महिपतराव तसे विचारी माणूस. त्यांनी ठरवलं, हा घर सोडण्याचा धसका आहे. मग ठरवलं, पित्त आहे. मग हरभऱ्याची उसळ बंद केली. उसळ बंद होऊनही तिसऱ्या दिवशी श्वास गेलाच, तेव्हा ठरवायला काही उरलं नाही.

४

चौथ्या खेपेला ते जेवत होते. सून लीला ताटात भाकरी वाढत होती. श्वास निघाला आणि महिपतरावांनी डोळे मिटून घेतले. आता त्यांना एवढं कळलं होतं की धडपड केली तर वाईट होतं, गप्प बसलं तर निभतं.

“मामंजी,” लीला म्हणाली, “बोटं कशानं हलतायत तुमची?”

त्यांनी डोळे उघडून पाहिलं. उजव्या हाताची तीन बोटं ताटाच्या काठावर चालत होती. एकदा पहिलं, एकदा पहिलं-दुसरं, मग तिन्ही मिळून. ट्यूबाला बोटांनी दाबायचे तीन खटके असतात. महिपतरावांनी बोटांकडे पाहिलं, मग आपल्या छातीकडे लक्ष दिलं. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड, आणि मग एक न संपणारा. वरात दारात येते तेव्हा हेच वाजवतात. हे त्यांनी शेकडो वेळा वाजवलं होतं.

आता कुणीतरी तेच वाजवत होतं, आणि हवा त्यांची जात होती.

श्वास परत आल्याबरोबर ते तसेच खरकट्या हातानं उठले. सुलोचनाबाई “अहो, अर्ध्या ताटावरून” म्हणेपर्यंत ते रस्त्यावर होते.

इंदरगंजात मल्हाररावांच्या दुकानात दुपारची तालीम नुकतीच थांबली होती. कोट खुंटीला होते आणि मंडळी बिड्या ओढत बसली होती. कोपऱ्यात धाकटा होता आणि त्याच्यामागे मधू नावाचा नवा वादक, काटकुळा, बिनमिशीचा. याच्या फासळ्या मोजाव्यात आणि यानं ट्यूबा वाजवावा, हे बघून एरवी महिपतराव हसले असते.

“या, या महिपतराव!” मल्हारराव उठले. “काय बाजा दिलात हो! सगळं इंदरगंज पूछतंय, बँडमध्ये कोण उस्ताद आणला म्हणून.”

“आत्ता काय वाजवत होतात?”

“वरातीचंच. का?”

महिपतराव पुढे सरकले. ते मधूकडे बघत होते. मधू लाजून म्हणाला, “काका, सच बताऊं? मी काही करतच नाही. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, माझ्यात इतना दम कुठे. पण हा तर फुंकावाच लागत नाही. तोंड लावलं की हा आपला आपण चालतो. दाखवू?”

“नको.”

पण त्याला कौतुक दाखवायचं होतं. त्यानं बाजा मांडीवर घेतला आणि ओठ लावले. गाल फुगले नाहीत. खांदे हलले नाहीत. आणि धाकट्यातून तो खालचा, भिंतींना हात लावणारा सूर निघाला, जो महिपतरावांना स्वतःच्या आवाजासारखा ओळखीचा होता.

महिपतराव गुडघ्यांवर आले. सूर चालू होता. त्यांना दिसत होतं की मधू वाजवता वाजवता नाकानं आरामात श्वास घेतोय. त्यांना ओरडायचं होतं, आणि ओरडायला लागणारी हवाच दुकानभर वाजत होती. झांजांच्या ढिगावर त्यांचा हात पडला. तो खणखणाट झाला म्हणून मधू थांबला.

५

पाणी प्यायला दिलं, पंख्यानं वारा घातला. मल्हारराव त्यांची पाठ चोळत होते आणि डॉक्टरला बोलवा म्हणत होते. महिपतरावांनी त्यांचं मनगट पकडलं.

“ओंजळ धरा.”

“काय?”

“त्या दिवशी मी खोटं बोललो. माझं पाणी राहिलंय त्यात. ओंजळ धरा, मल्हारराव.”

मल्हाररावांनी आधी त्यांच्याकडे आणि मग बाज्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं बँडमध्ये काढलेला माणूस. बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लोटलं, आणि मांडी घालून दोन्ही हात पुढे केले.

महिपतरावांनी धाकट्याला मिठीत घेतलं. पितळ कोमट होतं. त्यांनी ओठ लावले आणि फुंकायला सुरुवात केली, पण फुंकलं जाईना. उलट आतून त्यांच्या तोंडात हवा यायला लागली. पितळेचा, तेलाचा, बिडीचा वास असलेली जुनी हवा. छाती भरली तरी ती येतच राहिली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेवटी एकदाची ती थांबली तेव्हा त्यांनी सगळा जोर लावून एक साधा, छोटा श्वास आत सोडला आणि कळ दाबली.

पाणी आलं. गरम होतं. मल्हाररावांची ओंजळ भरली, सांडली, सदऱ्याची बाही भिजली. ते हललेसुद्धा नाहीत.

“माझं नाही आता,” महिपतराव म्हणाले.

मधूला आत बोलावून बाजा हातात दिला. त्यानं ओठ लावले. काहीच झालं नाही. त्यानं गाल फुगवले, लाल झाला, डोळे बाहेर आले, आणि शेवटी धाकट्यातून गोठ्यातून यावा तसा एक आवाज निघाला. मधूचा चेहरा रडवेला झाला. महिपतराव मात्र भिंतीला टेकून श्वास घेत होते. आत, बाहेर. पुन्हा आत. कुणी ओढत नव्हतं. ते हसायला लागले, आणि मल्हाररावांनाही हसू आलं. दोघे म्हातारे ओल्या हातांनी बराच वेळ नुसते हसत बसले.

६

घरी ते पायी आले, तेही भराभर. वाटेत त्यांनी सुलोचनाबाईंसाठी तिळगुळाची गजक घेतली. आपण वाचलो, हे त्यांना राहून राहून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. घरात सगळं सामान बांधून झालेलं होतं. भिंती उघड्या पडल्या होत्या आणि बोललेला प्रत्येक शब्द पुन्हा ऐकू येत होता. विश्वासराव कचेरीत होते. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात लीलाला मसाल्याचे डबे भरून देत होत्या.

“कुठे होतात?” आतूनच त्यांनी विचारलं. “जीव टांगणीला लावलात माझा.”

“आता काही होत नाही मला. बघच तू, अगदी ठणठणीत!”

त्या रिकाम्या खोलीत थोरला एकटाच होता. भोपाळच्या पेटीत घालायचा तेवढा राहिला होता. धाकटा आणल्यापासून महिपतरावांनी त्याला सकाळी उठवला होता, पण वाजवला नव्हता. आज छाती मोकळी होती आणि मन भरून आलं होतं. त्यांनी पेटीवर बसून थोरल्याला मांडीवर घेतलं, सासऱ्यांची आठवण करून हात जोडले, आणि ओठ लावले.

सूर निघाला.

काय सूर होता! उघड्या भिंतींनी तो उचलून धरला. महिपतरावांनी डोळे मिटले. तरुणपणी बँडमास्तर म्हणायचे, या महिपतला देवानं दोन माणसांचा दम दिलाय. बाकीचे तीनदा श्वास घ्यायचे, हा एकदाही घ्यायचा नाही. थोरला मांडीवर असला की हे व्हायचं. मधला आला तेव्हा त्यांना पहिले काही महिने धाप लागायची. लोक म्हणाले, बाजा नवा आहे. तेही तसंच म्हणाले.

सूर चालला होता. किती सोपं जातंय, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांच्या मनात आलं की आपले गाल फुगलेले नाहीत.

त्यांनी डोळे उघडले. खांदे हलत नव्हते. ते नाकानं आरामात श्वास घेत होते. त्यांनी जपून, अगदी केसभर, ओठ मागे घेतले. ओठ आणि पितळ यांच्यामधून समोरची भिंत दिसली. सूर थांबला नाही.

स्वयंपाकघरात डबा पडला. हळदीचा असावा, कारण लीला दारात आली तेव्हा तिच्या पायांना हळद होती.

“मामंजी! आईंना बघा, त्या—”

महिपतरावांनी थोरल्याला दोन्ही हातांनी दूर ढकललं. बाजा जमिनीवर आदळला आणि गप्प झाला.

सुलोचनाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. एक हात भिंतीला, दुसरा पदर तोंडाशी धरलेला. चेहरा राखेच्या रंगाचा. आता श्वास आत येत होता, एकेक, आवाज करत. पण त्या घाबरलेल्या नव्हत्या. महिपतरावांना पुढे कायम आठवत राहिलं ते हे. लीला थरथरत होती, ते स्वतः थरथरत होते, आणि सुलोचनाबाई पदरानं तोंड पुसून सांडलेल्या हळदीकडे बघत होत्या.

“लीला, केरसुणी आण गं,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून, “असे काय बघता? वाजवा ना. कितीतरी दिवसांनी वाजवलात.”

“तुला... तुला हे काय झालं आत्ता?”

“हे होय? बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, म्हणून डबा सुटला हातातून. सवय मोडली.”

“कधीपासून होतं?”

सुलोचनाबाईंनी नीट आठवून पाहिलं.

“कळायला लागल्यापासून,” त्या म्हणाल्या. “आधी बाबा वाजवायचे तेव्हा व्हायचं. माझ्या आधी आईला व्हायचं, ती त्यातच गेली. मग तुम्ही वाजवायला लागलात.” त्या खाली बसून ओंजळीनं हळद गोळा करू लागल्या. “मला वाटलं, बँडवाल्यांच्या बायकांना होतच असेल.”